“कशावरून?” विचारायला लावणारा क्लास : एक वर्ष पोरीला पाठवून आलेला अनुभव

आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर तीन-चार जणींनी विचारलं का तुझी पोरगी ज्या क्लासला जाते तो कसा आहे, पैसे वसूल होतात का, तिथं म्हणे नुसत्या गप्पाच चालतात. एकेकीला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते, कारण पोरगी वर्षभर जाऊन राहिली आणि मी स्वतः पाच-सहा वेळा मागं बसून पाहिलंय. क्लासचं नाव टाकत नाही, चालवणाऱ्यांनीच सांगितलं का जागा कमी आहे, जाहिरात नको. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या लोकांना मी कशाबद्दल बोलून राहिले ते कळेलच, सगळे त्याला गोल बसायचा क्लास म्हणतात.

आधी कामाचं सांगते. सहावी ते नववीचे पोरं घेतात, शनिवारी दुपारी दोन ते पाच आणि रविवारी सकाळी आठ ते अकरा. फी महिन्याला ३५० रुपये, दोन भावंडं असतील तर दुसऱ्याचे २००, आणि कापूस विकायच्या आधी कोणाकडं पैसे नसले तर थांबतात, मागं लागत नाहीत. बसायला टिनाच्या शेडमध्ये सतरंज्या, बाकडे नाहीत. शिकवायला दोघं, एक जिल्हा परिषदेतून रिटायर झालेले गुरुजी आणि एक मॅडम, एमएस्सी झालेल्या, लग्नानंतर इकडं आल्या. पोरं चोवीस घेतात, त्याच्यावर एकही नाही, मंग कोणाचीही ओळख असो.

आता हा क्लास काहून लावला ते. सातवीत असताना पोरीला तालुक्याच्या एका ट्युशनला टाकलं होतं. एका हॉलमध्ये सत्तरेक पोरं, समोर फळा, सर लिहिणार आणि पोरं उतरवणार, मंग तेच पाठ करून टेस्ट. मार्क चांगले पडत होते त्यामुळं आम्ही खुश होतो. एक दिवस उन्हाळ्यात ती बाष्पीभवनाची व्याख्या घडाघडा म्हणून राहिली होती आणि मी तिथंच माठातलं पाणी काढून राहिले होते, सहज विचारलं का बाई माठातलं पाणी गार काहून राहते. ती माझ्याकडं पाहतच राहिली. व्याख्या तोंडात होती, माठ समोर होता, पण दोन्हीचा एकमेकांशी काही संबंध आहे हे तिच्या डोक्यातच आलं नाही. मी म्हटलं सरांना विचारत जा ना, तर म्हणाली “आई, तिथं विचारलं का सर म्हणतात, परीक्षेत येणार नाही, वेळ नको घालवू.” हे ऐकून मला त्या रात्री झोप लागली नाही. मी स्वतः बारावीपर्यंत असंच शिकले, आणि असं शिकून पुढं औषधाच्या बाटलीवरचं वाचायला, कर्जाचा कागद समजून घ्यायला, कोणी काही सांगितलं तर उलटून विचारायला काहीच उपयोगी पडत नाही हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी जुलैत पहिल्या दिवशी मी पोरीसोबत गेले, परत जायला काळीपिवळी नव्हती म्हणून मागंच बसले. गुरुजींनी फळ्यावर फक्त एक प्रश्न लिहिला, का मे महिन्यात कूलर खोली गार करते, तोच कूलर जुलैत काहून करत नाही? खाली तीन उत्तरं. अ, जुलैत टाकीतलं पाणी गरम असते. ब, जुलैत हवेत आधीच ओल असते. क, जुलैत कूलरची गवताची ताटी जुनी होऊन जाते. प्रत्येक पोराजवळ तीन रंगाचे पुठ्ठ्याचे तुकडे, कोणाकडं न पाहता एक वर करायचा. वर झाले, अ चे जास्त, ब चे सात-आठ, बाकीचे क. मला वाटलं आता गुरुजी उत्तर सांगतील. त्यांनी सांगितलंच नाही! म्हणाले ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा एक जण शोधा आणि त्याला पटवून द्या, पाच मिनिटं.

मंग जो कल्ला झाला! माझ्या समोरच दोन पोरी बसल्या होत्या, एक अ वाली एक ब वाली. अ वाली म्हणे पाणी गरम असते म्हणून. दुसरी म्हणाली, “मे महिन्यात टाकीतलं पाणी जास्त तापते का जुलैत? उनात तर मे महिन्यातच जास्त तापते ना.” पहिली गप. मंग ती दुसरी थोडा वेळ विचार करून म्हणाली, “पाय, पावसाळ्यात कपडे वाळत नाही ना दोन-दोन दिवस? तसंच ताटीवरचं पाणी बी उडत नसन. पाणी उडलंच नाही तं गार कुठून होईन?” मी तिथं मागं बसून थक्क झाले, आठवीतली पोरगी, वाळत घातलेल्या कपड्यावरून कूलरपर्यंत स्वतःच पोचली. परत पुठ्ठे वर केले तेव्हा बहुतेक ब. त्याच्यानंतर मॅडमनी दोन थर्मामीटर आणले, एकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं, दुसरा तसाच, दोन्ही टांगून ठेवले आणि पोरांना वाचून लिहायला लावलं, आणि तेच मे महिन्यात परत करायचं हे वहीत लिहून ठेवलं. या मे महिन्यात केलं, ओल्या आणि कोरड्या थर्मामीटरमधलं अंतर तेव्हा कितीतरी जास्त आलं, दोन्ही आकडे पोरीच्या वहीत शेजारी-शेजारी आहेत. आणि माठाचं काहून ते तिनं मला त्याच जुलैत घरी येऊन सांगितलं, मी न विचारता.

नंतर मॅडमशी ओळख झाल्यावर मी विचारलं हे पुठ्ठ्याचं कुठून आलं. त्यांनी सांगितलं का हार्वर्डमध्ये एरिक माझूर नावाचे फिजिक्सचे प्राध्यापक आहेत, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या लक्षात आलं का आपले विद्यार्थी गणितं बरोबर सोडवतात पण साधा समजुतीचा प्रश्न विचारला का अडकतात, तेव्हापासून ते असं करायला लागले, आधी एकट्यानं मत, मंग शेजाऱ्याशी चर्चा, मंग परत मत. आणि त्यांचा एक अंदाज आहे का पहिल्या मतात साधारण ३० ते ७० टक्के पोरं बरोबर असतील तर चर्चा करायची, त्याच्यापेक्षा कमी असतील तर आधी समजावून सांगायचं, जास्त असतील तर पुढं जायचं. मला हे फार आवडलं कारण इथं चर्चा करायची म्हणून चर्चा नाही, ती कधी करायची याचा पण विचार आहे. हार्वर्डमधल्या पोरांचं आणि माझ्या पोरीचं दुखणं एकच निघालं, हे ऐकून मला जरा धीर आला.

गुरुजींची अजून एक गोष्ट पाहिली. प्रश्न विचारला का ते हात मागं बांधतात आणि बोटं मोजतात, एक, दोन, तीन, चार. मला वाटलं सवय असेल. मॅडम म्हणाल्या तसं नाही, मेरी बड रोव नावाच्या बाईंनी अमेरिकेतल्या शाळांमध्ये पाहणी केली होती, शिक्षक प्रश्न विचारून एखादा सेकंदच थांबतात आणि मंग स्वतःच उत्तर देऊन टाकतात, नाहीतर दुसऱ्याला उठवतात, आणि तेच तीन सेकंदांच्या वर थांबले का पोरं मोठी उत्तरं द्यायला लागतात, कधी न बोलणारे पण बोलतात. तीन सेकंद म्हणजे काय, काहीच नाही. पण मी घरी करून पाहिलं तर मलाच थांबणं होत नाही, लहान्याला विचारते आणि त्यानं तोंड उघडायच्या आधी मीच सांगून मोकळी. आता थांबते.

पण खरं सांगायचं तर मला हा क्लास पटला तो ऑक्टोबरमधल्या बोंडअळीच्या आठवड्यात.

आमच्याकडं २०१७ ची बोंडअळी कोणी विसरलं नाही. कपाशीचं हिरवं बोंड वरून चांगलं दिसे आणि फोडलं का आत गुलाबी अळी. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आमच्या ओळखीतले लोक पण दवाखान्यात भरती होते. तेव्हा हे पोरं अगदी लहान होते. गुरुजींनी हाच विषय घेतला आणि चोवीस पोरांचे चार-चारचे सहा ग्रुप केले. विषयाचे चार तुकडे. एकाला अळीचं जीवनचक्र, दुसऱ्याला कामगंध सापळा (मादीच्या वासानं नर पतंग पकडतो तो), तिसऱ्याला बोंडं फोडून मोजणी कशी करायची ते, चौथ्याला औषधाच्या बाटलीवरचं लेबल. मंग सगळ्या ग्रुपमधले जीवनचक्रवाले एकत्र बसले, सापळेवाले एकत्र, असं करत आपापला तुकडा पक्का केला आणि परत आपल्या ग्रुपमध्ये येऊन बाकी तिघांना शिकवला. म्हणजे कोणाजवळच पूर्ण माहिती नाही, शेजाऱ्याचं ऐकल्याशिवाय कोणाचंच काम होत नाही. याला जिगसॉ म्हणतात, एलियट अॅरनसन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांमध्ये काढलेलं, तिथं गोऱ्यांची, काळ्यांची, मेक्सिकन घरांतली पोरं पहिल्यांदा एका वर्गात आली होती आणि भांडणं चालू होती, तर एकमेकांची गरज पडेल असं काहीतरी पाहिजे म्हणून.

आपल्याकडं हे काहून महत्त्वाचं आहे ते मी डोळ्यानं पाहिलं. माझ्या पोरीच्या ग्रुपमध्ये पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, एक कोलाम पोरगा होता. शाळेत हा पोरगा कधी बोलत नाही, मागच्या बाकावर बसतो, बाकीचे पोरं त्याला काही विचारतही नाहीत. त्याच्या वाट्याला बोंडं मोजायचा तुकडा आला. वावरात गेल्यावर हा पोरगा धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, हात करून दाखवे, “थे पाय डोमकळी, थे एक तिकडं.” डोमकळी म्हणजे अळीनं आतून धाग्यानं बांधून ठेवलेलं फूल, उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं बंद राहते. माझ्या पोरीला जवळ जाऊनही दिसत नव्हती. मंग अख्खा ग्रुप त्याच्या मागं, हे कसं ओळखलं, ते कसं ओळखलं. त्या दिवसापासून तो पोरगा बोलतो. कोणी त्याला बोल असं सांगितलं नाही, त्याच्याजवळ जे होतं ते बाकीच्यांना पाहिजे होतं, एवढंच झालं.

मोजणी अशी, का वावरातून वीस हिरवे बोंडं तोडायचे, फोडायचे, किती बोंडांत अळी आहे पाहायचं, वीसात दोन म्हणजे १० टक्के, तिथून पुढं नुकसानीची पातळी ओलांडली समजायचं आणि औषधाचा विचार करायचा. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यामागं आठ किंवा जास्त पतंग आले तरी तेच. क्लासच्या मागच्या वावरात मालकाला विचारून सगळे ग्रुप गेले आणि परत येऊन आकडे फळ्यावर मांडले तर एका ग्रुपचे वीसात एक, दुसऱ्याचे वीसात पाच! एकच वावर, एकच दिवस. माझ्यासारखीनं सरळ म्हटलं असतं का एकाचं चुकलं. गुरुजी हात मागं बांधून उभे. मंग एका पोरानं पाचवाल्या ग्रुपला विचारलं, “तुमी बोंडं निवडले कसे?” ते म्हणाले जे खराब दिसत होते, छिद्रवाले, तेच तोडले, अळी सापडली पाहिजे ना. तेवढ्यात दुसरीनं एकवाल्या ग्रुपला धरलं, “अन् तुमी तं चिखल आहे म्हणून धुऱ्यावरचेच तोडले, मी पायलं.” झालं, दोन्ही आकडे गेले. परत सगळे वावरात, यावेळी आडवं-तिडवं फिरून, न पाहता हाताला येईल ते बोंड. पोरांनी ठरवलं हे, गुरुजींनी नाही. मोठमोठ्या कॉलेजात सँपलिंग म्हणून जे शिकवतात ना, ते चिखलात उभं राहून या पोरांनी भांडता-भांडता शोधून काढलं.

आणि बरं का, छिद्र पाहून बोंड निवडणं तसंही चुकीचंच निघालं. जीवनचक्रवाल्या पोरीनं सांगितलं का अळी अगदी बारीक असताना बोंडात शिरते आणि मंग ते छिद्र बुजून जाते, म्हणून तर वरून कळत नाही. बाहेर छिद्र दिसते ते बहुतेक अळी बाहेर पडल्याचं. म्हणजे एकाचा तुकडा दुसऱ्याच्या चुकीला उपयोगी पडला. सापळ्याबद्दल एका सहावीतल्या लहान्या पोरीनं विचारलं, “सापळ्यात नरच अडकतात म्हणते, मंग मादी किती हे कसं कळन?” मॅडम म्हणाल्या बरोबर विचारलं, ग्रुपमध्ये बोला. बोलून-बोलून पोरं इथपर्यंत आले का सापळा फक्त पतंग आले हे सांगते, बोंडात अळी किती ते सांगत नाही, म्हणून दोन्ही करावं लागते. सहावीतल्या पोरीच्या प्रश्नावर नववीतले पोरं अर्धा तास खपले.

हे घरी कसं आलं ते सांगते. दिवाळीच्या आधी पोरीच्या बाबांनी कृषी केंद्रातून दोन बाटल्या आणल्या, दुकानवाल्यानं सांगितलं होतं दोन्ही मिसळून मारा, सगळे मारून राहिले. पोरीनं विचारलं, “बाबा, अळी आहे हे कशावरून?” ते जरा चिडलेच, दिवसभर सोयाबीनच्या मळणीवरून आले होते. ती म्हणाली मला वाटते आपल्या वावरात नाही, परवा मी गेली तर एक पण डोमकळी दिसली नाही, उद्या मोजू. सकाळी बापलेक गेले, पऱ्हाटीत तिरपे चालत-चालत वीस बोंडं तोडले, धुऱ्यावर बसून विळ्यानं फोडले. तीन बोंडांत अळी. पंधरा टक्के. पोरगी तिथंच म्हणाली, “बाबा, माझंच चुकलं, मारावंच लागन.”

मला सगळ्यात जास्त आनंद याचा झाला. तिचं बरोबर निघालं असतं तर तेवढा झाला नसता. तिनं आधी एक मत धरलं होतं, घरात सगळ्यांसमोर बोलून पण दाखवलं होतं, आणि बोंडात दिसलं ते पाहून लगेच सोडलं. मोठ्या माणसांना जमत नाही हे. मंग तिनं बाटल्यांवरचे त्रिकोण दाखवले, लाल म्हणजे सगळ्यात विषारी, मंग पिवळा, निळा, हिरवा, एका बाटलीवर लाल होता. बाबांनी ती बाटली परत केली, दुसरी एकटीच मारली, मिसळलं नाही, आणि फवारताना तोंडाला फडकं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, हे आमच्या घरात पहिल्यांदा झालं.

सापाचा एक दिवस झाला तो पण थोडक्यात सांगते. एका पोरानं सांगितलं आमच्या गावात मांत्रिकानं साप चावलेले बरे केलेले मी स्वतः पाहिले. गुरुजींनी त्याला खोटं पाडलं नाही, उलट म्हणाले तू पाहिलं ते खरं आहे, आता ग्रुपमध्ये ठरवा का हे पटायला अजून काय-काय माहीत पाहिजे. पोरांनी काढलं का साप कोणता होता, कारण आपल्याकडं माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य चारच, नाग, मण्यार, घोणस, फुरसं, बाकीचे कितीतरी बिनविषारी, मंग ते चावले तर माणूस तसाही वाचणारच होता. विषारी साप पण प्रत्येक वेळी विष सोडतेच असं नाही. आणि एक पोरगी म्हणाली, “जे मेले थे सांगाले येत नाई ना.” त्या वाक्यावर सगळा वर्ग शांत. शेवटी मॅडमनी सांगितलं का २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. पण कायदा शेवटी सांगितला, आधी पोरांना स्वतः तिथपर्यंत येऊ दिलं.

एका पालकांनी मीटिंगमध्ये म्हटलं होतं का हे सगळं अमेरिकेचं फॅड आहे, आपल्या पोरांना नाही चालत. तेव्हा गुरुजी जे बोलले ते मला इथं लिहावंसं वाटते. ते म्हणाले गाडगेबाबा आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, शेणगावचे, ते कीर्तनात काय करायचे? प्रवचन देत नव्हते, समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे, लोकांच्याच तोंडून उत्तर काढायचे, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न, शाळेत न गेलेल्या माणसांना त्यांनी असंच विचार करायला लावलं. आणि हातानं काम करत शिकायचं म्हणाल तर १९३७ मध्ये वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरली होती, गांधीजींची नयी तालीम तिथून निघाली, सेवाग्राम इथून किती लांब आहे? आपल्या शेजारी मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ पासून तीस वर्षं सरकारी शाळांत पोरं ग्रुपमध्ये प्रयोग करून विज्ञान शिकत होते, परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची परवानगी होती, कारण पाठ किती झालं हे तपासायचंच नव्हतं. ते पालक काही बोलले नाहीत, पण त्यांचा पोरगा अजून येतो.

आता जे जमलं नाही ते, कारण पैसे भरणाऱ्याला ते पण माहीत पाहिजे.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शेडमध्ये पोरींसाठी बाथरूम नाही. शेजारच्या घरी जावं लागते, त्या बाई चांगल्या आहेत पण तीन तास बसायचं आणि आठवी-नववीच्या पोरी, हे बरोबर नाही. दोन पोरींनी यामुळंच येणं सोडलं. मार्चपासून टिन इतकं तापते का दुपारचा वेळ सकाळी करावा लागला. शनिवारी पाच वाजता सुटले का शेवटची बस गाठायला पोरं पळतात, एकदा सुटली आणि पोरीच्या बाबांना गाडी घेऊन जावं लागलं.

शिकवण्यातलं म्हणाल तर सुरुवातीचे दोन महिने ग्रुपमध्ये एकच पोरगा काम करे आणि बाकीचे त्याचं उतरवत. आणि पोट्टे मोठ्यानं बोलत, पोरी गप. हे मी स्वतः मॅडमला बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि बदल केला, आता आधी एक मिनिट सगळ्यांनी गप बसून आपलं आपण वहीत लिहायचं, मंग शेजाऱ्याला सांगायचं, मंग सगळ्यांसमोर, आणि ग्रुपतर्फे कोण बोलणार ते चिठ्ठी काढून, म्हणजे सगळ्यांना तयार राहावं लागते. फ्रँक लायमन नावाच्या शिक्षणतज्ज्ञानं १९८१ मध्ये ही पद्धत मांडली असं मॅडमनी सांगितलं. लिहून झालेलं असलं का लाजाळू पोरगी पण वाचून दाखवते, माझीच पोरगी त्यातली. पण चार जणांच्या ग्रुपमध्ये एखादा हुशार पोरगा बाकीच्यांना दाबतो हे अजून होते, त्याच्यावर त्यांनी अजून लक्ष द्यायला पाहिजे.

सिलॅबस पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगते. वर्षभरात विज्ञानाचे निम्मेच धडे असे खोलात झाले, गणित त्याहून कमी. पहिल्या घटक चाचणीत पोरीचे मार्क ट्युशनपेक्षा कमी आले आणि मी घाबरले, गुरुजींना जाऊन भेटले. ते म्हणाले शाळेतलं शाळेत होईल, आम्ही विचार करायला शिकवतो. मला हे पूर्ण पटत नाही. आमच्यासारख्यांच्या पोरांना परीक्षेच्या मार्कांवरच पुढं जायचं असते. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे गरीब घरच्या हुशार पोरांसाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीची, परीक्षा असते, त्यात पास होऊन यादीत नाव लागलं तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आमच्या घरात ही मोठी रक्कम आहे, आणि त्याची तयारी इथं वेगळी करून घेत नाहीत. जुने पेपर घरी बसवून सोडवून घ्यावे लागले. सरावाला महिन्यातला एक रविवार ठेवला पाहिजे असं मी लिहून दिलंय. वार्षिक परीक्षेत पोरीचे विज्ञानाचे मार्क परत आधीएवढे झाले, गणिताचे थोडे कमीच राहिले.

आणि घरच्यांनी तयारी ठेवावी, पोरगं उलट विचारायला लागते. कशावरून, तुम्हाला कोणी सांगितलं, त्याला कसं माहीत. मोबाईलवर आलेला प्रत्येक फॉरवर्ड आता माझी पोरगी आधी वाचते आणि विचारते हे पाठवणाऱ्याचा यात काय फायदा आहे. सासूबाईंना सुरुवातीला हे उद्धट वाटलं. पोरीला मी एकच सांगितलं का विचार पण आवाज खाली ठेवून विचार, आणि ती ठेवते. आता सासूबाईच टीव्हीवर तेलाची जाहिरात लागली का तिच्याकडं पाहून म्हणतात, “विचार बाई यायले, कशावरून म्हणते.”

कोणी लावावा? ज्यांना दोन महिन्यांत मार्क वाढलेले पाहिजेत त्यांनी लावू नये, पस्तावाल. नववीच्या शेवटी आणून टाकू नका, सहावी-सातवीत टाका, तेव्हा पोरं बिनधास्त चुकतात. ज्यांची पोरगी घरात बोलते आणि शाळेत बोलत नाही त्यांनी तर नक्की पाठवावी. माझ्याकडून पाचपैकी चार. एक कमी केला तो बाथरूमचा आणि सरावाचा मिळून.

लहान्याला पण या वर्षी टाकून राहिले, सहावीत गेला. नवीन बॅच आपल्याकडच्या शाळा उघडतात तेव्हाच, म्हणजे जूनच्या शेवटी. सोबत पाण्याची बाटली, दोनशे पानी वही आणि पाऊस असला तर चपलांचा जास्तीचा जोड द्या, वावरात नेतात. आणि बाथरूमचं म्हणाल तर जागेचा मालक जागा द्यायला तयार आहे, विटा एका पालकानं कबूल केल्या आहेत, सिमेंट आणि मजुरीचं राहिलं. त्यासाठी येत्या रविवारी अकरा वाजता क्लास सुटल्यावर पालक बसणार आहेत, ज्यांना पोरं टाकायची आहेत त्या बायांनी पण या, विशेष करून पोरींच्या आयांनी.